तीन गाडगी आणि एक खडा

माहेरी परत आले तेव्हा माझ्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात लुगड्यांपेक्षा पुस्तके जास्त होती. पुस्तके माझ्या यजमानांची. ते तळोद्याकडच्या एका गावी शाळेत मास्तर होते. पावसाळा सरता सरता ताप आला आणि त्यातच ते गेले. मूलबाळ नव्हते. दादा, माझा थोरला भाऊ, बैलगाडी घेऊन आला, ट्रंक गाडीत ठेवली आणि आम्ही निघालो. गोमाई नदी ओलांडताना एवढेच म्हणाला की घर तुझेच आहे, कामाची घाई करू नकोस.

आमचे गाव ब्राह्मणपुरीच्या वाटेवर, शेतांच्या मधोमध. घरात दादा, वहिनी, एक तान्हा मुलगा आणि नऊ-दहा वर्षांची माझी भाची. भाचीचा डावा पाय लहानपणी एका तापात लुळा पडला होता. ती चालायची, पण हाताने गुडघा दाबत, थांबत थांबत. शाळा शेजारच्या गावाला, मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढा भरायचा, उन्हाळ्यात वाट तापायची, आणि गाडी रोज शेताला लागायची. म्हणून ती शाळेत कधी गेलीच नव्हती. अक्षरओळख वहिनीच्या भावाने करून दिली होती. तो शहाद्याला राहायचा आणि सुट्टीत यायचा.

पहिले काही महिने मी ट्रंकेतली पुस्तके बाहेर काढून पुसत असे आणि परत ठेवत असे. वाचत नव्हते. भाची ओट्यावर बसून बघायची. एके दिवशी तिने गणिताचे पुस्तक उचलले, चित्रे नाहीत म्हणून नाराज झाली, आणि विचारले की यात काय लिहिले आहे. मी सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊनच आली.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "फुई, माले शिकाड," ती म्हणाली. त्या दिवसापासून माझ्या दिवसाला काहीतरी आकार आला.

दादाला हे समजायला वेळ लागला नाही. त्याने आडकाठी केली नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. शहाद्याला मुलींची शाळा होती, आणि वहिनीच्या भावाचे घर त्या शाळेच्या गल्लीतच होते. पोरीला चालावे लागले नसते. हेडमास्तर परीक्षा घेऊन घरी शिकलेल्या मुलीला योग्य त्या वर्गात बसवत. दादाची अट अशी की पाचवीत घेतले तर पाठवीन. पहिली-दुसरीच्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसवले तर नाही.

"एक तं लंगडी म्हणतीन," तो म्हणाला, "आनि वरतून ढ म्हणतीन. त्यापेक्षा घरी ऱ्हावो."

यात राग नव्हता. त्याने गावात तिच्या पायाची नक्कल करणारी पोरे पाहिली होती. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. त्या दिवसापासून अभ्यासाच्या वेळी तिने पोरीला एकदाही हाक मारली नाही. भाचीनेही सगळे ऐकले होते. पाचवी हा शब्द तिच्या डोक्यात पक्का बसला.

मी शिकवायला लागले ती जशी मी स्वतः शिकले होते तशी: पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुढे. बेरीज झाली की वजाबाकी, ती झाली की गुणाकार. पोरगी चलाख. दिवाळीपर्यंत भागाकार आला, आणि पावकी-निमकीचे पाढे ती ओट्यावर बसून घोकायची तेव्हा येणारे-जाणारे थांबायचे. मला वाटले, हे असेच चालले तर पुढच्या जूनला पाचवी सहज.

मग वेचणीच्या दिवसांत, कपाशी वेचायला सातपुड्यातली माणसे खाली उतरली तेव्हा घरात कामाची इतकी गर्दी झाली की आमचा अभ्यास बंद पडला. परत बसलो तेव्हा मी तिला हातच्याची एक साधी वजाबाकी घातली. तिने पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. शून्यातून सात कसे जाणार, हे तिला आठवेना. तिने मोठ्यातून लहान वजा केले आणि पाटी पुढे ढकलली.

"हाई तं तू माले शिकाडंच नही," ती म्हणाली. तिला खरेच तसे वाटत होते.

मी त्या दिवशी पुस्तक मिटले. माझ्या यजमानांचे एक बोलणे आठवले. वर्गातून घरी आले की ते कधी कधी म्हणत की आज मी खूप पुढे गेलो, आणि मागे वळून पाहिले तर सोबत कोणी नव्हते. ते हसून म्हणत आणि दुसऱ्या दिवशी मागच्या धड्यापासून सुरुवात करत. पण ते रोज वळून कसे पाहत, कशाने ठरवत की कुठवर मागे जायचे, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते. आता विचारायला कोणी नव्हते. म्हणून मलाच काहीतरी बसवावे लागणार होते.

मी तीन गाडगी घेतली. दोन नवी होती, एकाचा काठ फुटका. खापरीचे तुकडे घासून गुळगुळीत केले, मुली खेळायला करतात तसे, आणि त्यांच्यावर कावेने खुणा काढल्या. आडवी रेघ म्हणजे वजाबाकी, फुली म्हणजे गुणाकार, चंद्रकोर म्हणजे पावकी, आणि असेच. शिकवलेल्या प्रत्येक प्रकाराची एक खापरी. सगळ्या खापऱ्या आधी रोजच्या गाडग्यात. सकाळी ती न बघता हात घालून दोन-तीन खापऱ्या काढणार. जी खूण निघेल त्या प्रकारचे गणित मी घालणार, आकडे दर वेळी नवे. बरोबर आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर आले, की ती खापरी रोजच्या गाडग्यातून बाजारच्या गाडग्यात जाणार. ते गाडगे फक्त शहाद्याच्या बाजाराच्या दिवशी उघडायचे. तिथेही टिकली की सणाच्या गाडग्यात; ते सणासुदीला. आणि कुठल्याही गाडग्यातले गणित चुकले की खापरी परत रोजच्यात.

भाचीला हा खेळ वाटला आणि म्हणून तो चालला. वजाबाकीची आडवी रेघ पुष्कळ दिवस रोजच्या गाडग्यात अडकून होती. ती बाजारच्या गाडग्यात गेली त्या दिवशी भाचीने वहिनीला ती खापरी नेऊन दाखवली, आणि वहिनीने भाकरी थापता थापता पिठाचा हात तिच्या गालाला लावला.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. पुस्तकात वजाबाकीच्या धड्यात सगळ्या वजाबाक्याच असतात, त्यामुळे काय करायचे हे गणित न वाचताही कळते. गाडग्यातून खापरी निघाली तरी तेच. आडवी रेघ दिसली की ती लगेच वजाबाकीला लागायची. म्हणून नंतर खापरी मी काढायची आणि तिला दाखवायची नाही, असे ठरवले. मी नुसते गणित सांगायची: शेतात इतकी माणसे वेचणीला होती, इतकी डोंगरात परत गेली. आता तिला आधी ठरवावे लागे की हे आहे काय. पहिल्या दिवशी ती चिडली. मग तिला त्यातच मजा वाटू लागली, आणि ऐकता ऐकताच ती बोटाने हवेत फुली किंवा रेघ काढून दाखवायची.

आमच्या घरी सकाळी न्याहारीला रात्रीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असे. शिळे आधी, ताजे दुपारी. अभ्यासालाही तिने तीच नावे दिली. गाडग्यातली जुनी गणिते म्हणजे शिळे, नवा धडा म्हणजे ताजे. पाय दुखत असला की म्हणायची, "आज शिळं कमी वाढ, फुई." मी कमी वाढत नसे. पण ताजे कमी करत असे.

एवढ्याने तिची गणिते पक्की होत गेली, आणि तरी मला काहीतरी उणे वाटत होते. ती आता चुकत नव्हती, पण न शिकवलेले काही समोर आले की लगेच पाटी माझ्याकडे सरकवायची. हेडमास्तर तिला फक्त आमच्या गाडग्यातलेच विचारतील याची खात्री कोण देणार? आणि पुढे शाळेत तिच्या शेजारी फुई बसणार नव्हती.

म्हणून मी तिसरा प्रकार सुरू केला. दाण्यात खडा निघतो तसा आठवड्यातून एकच: जे शिकवलेले नाही, पण शिकवलेल्यातून विचार केला तर सुटेल, असे गणित. गोमाईच्या पात्रातून आणलेला खरा खडा मी तिच्या हातात द्यायची आणि गणित सांगायची. नियम असा की बाजाराच्या दिवसापर्यंत मी उत्तर सांगणार नाही, आणि तिने मला रोज एकच प्रश्न विचारायचा. खडा तिने ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायचा. सुटला की तो कोनाड्यात जाणार.

पहिला खडा होता हौदाचा. दादाच्या विहिरीवर दोन मोटा चालत. मी सांगितले, एक मोट एकटी हौद सहा तासांत भरते, दुसरी एकटी तीन तासांत. दोन्ही एकदम लावल्या तर किती वेळ? ती म्हणाली नऊ. मी काही बोलले नाही. ती म्हणाली साडेचार. मी तरीही बोलले नाही. मग ती रडायला लागली आणि पाटी ओट्यावरून खाली फेकली. पाटीचा एक कोपरा उडाला.

दादा गोठ्यातून आला. "पोर रडी ऱ्हायनी," तो म्हणाला. "काय करं तू तिले?"

मी म्हटले की काही नाही, एक गणित घातले आहे. कसले गणित, त्याने विचारले. मी सांगितले. तिचे साडेचारही सांगितले. तो दारातच उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "साडेचार कसं व्हई? तीन तासनी मोट एकली चालनी तरी तीनमाच भरस."

भाचीने रडणे थांबवून बापाकडे पाहिले. तो आपल्या बोलण्याने स्वतःच जरा गोंधळला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न असा होता: हौद केवढा आहे? मी म्हटले, तुला हवा तेवढा धर. तिला वाटले मी टाळते आहे. ती रुसून विहिरीवर जाऊन बसली. दुपारभर बसली. मोटकरी मोट हाकत होता, ती पाण्याच्या खळखळाटाकडे बघत होती. संध्याकाळी गुडघा दाबत दाबत आली तेव्हा मी चुलीपाशी होते, आणि ती उंबऱ्यावरूनच म्हणाली की हौद सहा माठांचा धरला, तर एक मोट तासाला एक माठ टाकते, दुसरी दोन. मिळून तीन. म्हणजे दोन तास. तिने ओढणीची गाठ दातांनी सोडली आणि खडा कोनाड्यात नेऊन ठेवला. दिव्याशेजारी.

त्यानंतर ती खड्यासाठी रडली नाही असे नाही. पण पाटी पुन्हा फेकली नाही. फुटक्या कोपऱ्याचीच पाटी शेवटपर्यंत वापरली.

याच दिवसांत कधीतरी माझ्या स्वतःच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यजमान गेल्यापासून मी रोज त्यांची आठवण काढत होते, पण रोज तीच काढत होते: ताप, ओल्या पट्ट्या, शेवटची सकाळ. बाकी सगळे मी न बघताच सोडून दिले होते. एकदा भाचीने विचारले की मास्तर फुवा खडू कोणत्या हातात धरायचे, आणि मला सांगता येईना. मी घाबरले. त्या दिवशी मी ट्रंकेतून त्यांची पुस्तके पुन्हा काढली आणि या वेळी वाचली, कारण त्यांतल्या पानापानावर त्यांनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. त्या खुणांचा कल बघता बघता आठवले: डावा हात. डाव्या हाताने लिहितात म्हणून इन्स्पेक्टरांनी त्यांना एकदा टोकले होते, आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला उजव्या हाताने लिहून दाखवले होते, इतके वाईट की आम्ही दोघे हसलो होतो. हे सगळे माझ्याजवळच होते. मी फक्त ते गाडगे उघडले नव्हते.

होळीला वेचणीची माणसे काठी गावच्या होळीसाठी डोंगरात परत गेली, आणि घर रिकामे झाले. सणाचे गाडगे आम्ही त्या दिवशी उघडले. त्यातली एक खापरी जमिनीच्या मापाची होती. मी दोन शेतांची बेरीज घातली, एकर आणि गुंठ्यांत. हा धडा तिने थंडीतच पार केला होता आणि खापरी न अडकता सणाच्या गाडग्यात गेली होती. आता उत्तर चुकले.

कुठे चुकले ते पाहायला मला पाटी फार वेळ बघावी लागली, कारण बेरीज अगदी व्यवस्थित होती. मग कळले. तिने वीस गुंठ्यांना एक एकर धरला होता. पुस्तकात चाळीस गुंठ्यांचा एकर. पण आमच्या घरात जमीन अजून बिघ्यात मोजत, आणि बिघा विसा पांडांचा. सरकारी कागदावर एकर आल्यापासून दादाच्या तोंडात एकर हा शब्द आला होता, पण मनात बिघाच होता. रोज जेवताना कुठल्या शेतात किती काय, हे बोलणे चालायचे आणि वीस झाले की पुढचे घर, ही सवय पोरीच्या कानात मुरली होती. थंडीत धडा ताजा होता म्हणून चाळीस लक्षात राहिले. दोन महिने तो धडा दृष्टीआड गेला, आणि घरातले वीस परत वर आले.

मी खापरी रोजच्या गाडग्यात टाकली. आणि तिला एक नवीन सवय लावायला घेतली: उत्तर आले की ताळा पाहायचा. बेरीज केली तर उलटी वजाबाकी करून जिथून निघालो तिथे परत येतो का, हे पाहायचे. तिला याचा कंटाळा. आलेले उत्तर पुन्हा कशाला उलटे करायचे? मी म्हटले, शाळेत मी नसेन, मग तुझे तुलाच विचारावे लागेल. ती म्हणाली, "मंग मी मन्ही फुई," आणि हसली. पण ताळा पाहू लागली.

वैशाखाच्या उन्हात आम्ही शहाद्याला निघालो. दादा गाडी हाकत होता, मी आणि भाची मागे. वहिनी बाळामुळे घरी राहिली. निघताना तिने पोरीच्या हातावर गूळ ठेवला. लोणखेड्यापाशी उसाच्या मळ्यात थांबून बैलांना पाणी दाखवले. दादाने पोरीला काही विचारले नाही. मला मात्र हळूच विचारले की पाचवी होईल का. मी म्हटले, माहीत नाही. मला खरेच माहीत नव्हते.

शाळा लहान होती, तीन खोल्या आणि पडवी. हेडमास्तर वयस्क, घाटावरचे, बोलणे शुद्ध आणि सावकाश. त्यांनी तिला वाचायला लावले, पाढे विचारले, मग खोलीत नेऊन पाटीवर काही गणिते घातली. मी आणि दादा पडवीत खिडकीजवळ बसलो. दादा काडीने फरशीवर रेघा ओढत होता.

पहिली गणिते तिने पटापट केली. मग हेडमास्तरांनी जमिनीचे गणित घातले. एक शेत तीन एकर पंचवीस गुंठे, दुसरे दोन एकर तीस गुंठे, मिळून किती? मी खिडकीतून ऐकले आणि मला होळीची ती खापरी आठवली. तिने लिहिले. हेडमास्तरांनी वाकून पाहिले आणि परत खुर्चीत बसले. दादाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही.

मग खोलीत नुसता पाटीपेन्सिलीचा आवाज. ती ताळा पाहत होती. आवाज थांबला. परत सुरू झाला. परत थांबला.

"गुरुजी," ती म्हणाली, आणि घाबरल्यामुळे शिकवलेली मराठी विसरून घरच्या बोलीत म्हणाली, "हाई चुकनं शे. कोठे चुकनं ते दिसत नही. थोडं थांबा."

हेडमास्तर थांबले. मला आठवते, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि टेबलावर ठेवला, जणू आता पुष्कळ वेळ आहे. बाहेर दादाची काडी थांबली होती. त्याला वाटले की संपले सगळे. मला तसे वाटले नाही, पण पुढे काय होईल हेही कळत नव्हते. तिच्या ओढणीला त्या दिवशी खडा नव्हता. तरी ती ओढणीचे टोक बोटांना गुंडाळत होती.

ती कशी उलगडत गेली हे तिने नंतर गाडीत सांगितले. तिने सात एकर पंधरा गुंठे लिहिले होते. उलटे करून पाहिले तर पहिले शेत चार एकर पाच गुंठे निघाले. गुरुजींनी तर तीन एकर पंचवीस सांगितले होते. ती त्या पंचविसाकडे बघत बसली. विसाला एकर होत असता तर पंचवीस गुंठे म्हणून कुणी म्हटलेच नसते, एक एकर पाच म्हटले असते. म्हणजे हा एकर विसाचा नाही. हा बापाचा बिघा नाही.

खोलीत तिने एवढेच केले की पाटी पुसली, नव्याने लिहिले आणि वर धरली. सहा एकर पंधरा गुंठे. हेडमास्तरांनी विचारले की आधी काय झाले होते. तिने आपल्या मराठीत सांगितले की घरी विसाने मोजतात. ते हसले. मग बाहेर येऊन दादाला म्हणाले की मुलगी पाचवीत बसेल. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलं की मुलं पाटी झाकतात. हिला थांबायला कोणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादानेच उत्तर दिले. म्हणाला, हिनी फुईनी.

परत येताना तो गाडी हाकता हाकता एकदाच मागे वळला आणि पोरीला म्हणाला की आता घरात बिघा म्हणायचे की एकर, ते तूच ठरव. ती म्हणाली की काहीही म्हणा, पण म्हणाल तेच मोजा.

जूनमध्ये ती मामाकडे राहायला गेली. तीन गाडगी कोनाड्याखाली तशीच राहिली. सकाळी न्याहारी झाली की माझा हात तिकडे जायचा. वहिनीने एकदा विचारले की बाळ मोठा झाला की त्यालाही याच्यातच शिकवणार का, आणि मी हो म्हटले. पण बाळ अजून बोबडे बोलत होता. मी पुन्हा पुस्तके पुसायला लागले आहे असे मला जाणवले.

पहिल्या बाजाराच्या दिवशी दादा शहाद्याहून परतला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बैल सोडायच्या आधीच तो ओट्यापाशी आला. पोरीने निरोप दिला होता, तोंडी, आणि तीन वेळा म्हणवून घेतला होता म्हणे. वाटभर तो तेच घोळवत आला होता. त्याने खिशातून गोमाईतला एक खडा काढला, माझ्या हातात ठेवला आणि एका दमात म्हणून दाखवले: एक मोट हौद चार तासांत भरते, दुसरी सहा तासांत, आणि हौदाला खाली भोक आहे, त्यातून भरलेला हौद बारा तासांत रिकामा होतो. दोन्ही मोटा चालू, भोकही उघडे. हौद कधी भरेल? फुईला बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत. रोज एकच प्रश्न.

निरोप संपला तसा तो स्वतःच्या बोलण्यावर आला. "आधी ते भोक बुजा ना," तो म्हणाला. "मोटा कसाले चालाडतस?"

मी म्हटले, ते बुजवता येत नाही दादा. गणितच तसे आहे.

तो बैल सोडायला गेला. मी खडा पदराच्या टोकाला बांधला आणि भाचीची फुटक्या कोपऱ्याची पाटी खाली काढली; तिला शाळेत नवी मिळाली होती. ओट्यावर अजून उजेड होता. हौद बारा माठांचा धरला. एक मोट तासाला तीन माठ टाकते, दुसरी दोन. त्यातला एक जातो. मी तो वजा केला आणि राहिलेले मोजले. मग ताळा पाहिला.

गोठ्यातून दादाने विचारले, "उत्तर काय उनं?"

भरतो, मी म्हटले. तीन तासांत भरतो.

 भोक असूनही का, असे त्याने दोनदा विचारले आणि मी दोनदा हो म्हटले. आत वहिनीने दिवा लावला तेव्हा मी उठले आणि खडा कोनाड्यात, तिच्या खड्यांच्या शेजारी, नेऊन ठेवला. मग पुढच्या बाजारासाठी तिला काय पाठवावे याचा विचार करत बसले.